पगाराचं सॉफ्टवेअर हा पीएचडीचा विषय होऊ शकतो का?

'रत्नागिरी जिल्ह्यातील अर्धवेळ कर्मचाऱ्यांसाठी वेतन सॉफ्टवेअरची निर्मिती : एक अभ्यास.' अशा शीर्षकाचा सिनॉप्सिस घेऊन तुम्ही आरआरसीसमोर बसलात, की पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो. "यात संशोधन कुठे आहे? हे तर शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट झालं."

प्रश्न टोचतो, पण तो बरोबर आहे. गंमत अशी की विषयही चांगला आहे. चूक फक्त शीर्षकातल्या एका शब्दात आहे : 'निर्मिती'. सॉफ्टवेअर तयार करणं हे काम आहे. ते करताना असं काही कळलं, जे तुमचं सॉफ्टवेअर कधीही न बघितलेल्या माणसालाही वापरता येईल, तर ते संशोधन.

याचं उत्तम उदाहरण पगाराच्याच क्षेत्रात आहे. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९९० च्या दशकात पगाराची एक मोठी नवी यंत्रणा करायला घेतली. १९९६ मध्ये केंट बेक त्या प्रकल्पात आले. तिथे वापरलेल्या पद्धतींमधून, म्हणजे आधी चाचणी लिहायची, दोघांनी मिळून कोड लिहायचा, थोडं थोडं करून पुढे जायचं, 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' ही पद्धत उभी राहिली. तो पगाराचा प्रकल्प २००० मध्ये बंद झाला. पद्धत मात्र आजही शिकवली जाते. सॉफ्टवेअर गेलं, ज्ञान राहिलं. तुमच्या प्रबंधाला हीच कसोटी लावा : पाच वर्षांनी तुमचं सॉफ्टवेअर कुणीच वापरत नसेल, तरी तुमच्या प्रबंधातलं काय उरेल?

आता हा विषय घेऊन एकेक पायरी चढू. उदाहरणं रत्नागिरीची घेतो, कारण ती तुमच्या आजूबाजूला दिसतील.

अर्धवेळ पगार अवघड का?

पूर्णवेळ माणसाचा पगार वजाबाकीने निघतो. महिन्याचा आकडा ठरलेला असतो. बिनपगारी रजा, पीएफ, व्यवसाय कर वजा करत जायचं. अर्धवेळ माणसाचा पगार शून्यापासून बेरजेने निघतो. बेरीज कशाची करायची, इथेच पहिली अडचण येते.

रत्नागिरीतच बघा. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे, ज्यांना आपण सगळे 'सीएचबी' म्हणतो, त्यांचं एकक तासिका. मासळी प्रक्रिया कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या बाईचं एकक बहुतेकदा किलो. काजूगर सोलण्याच्या कामातही किलोच. आंब्याच्या सीझनला पेट्या भरणाऱ्याचा हिशेब कुठे दिवसावर, कुठे पेटीवर. शहरातल्या दुकानात संध्याकाळपुरता येणारा मुलगा तासावर.

इथे बरेच जण लिहितात, "बाजारात अशी सोय उपलब्ध नाही, म्हणून मी सॉफ्टवेअर तयार करणार आहे." हे कारण देऊ नका. बाजारातली पॅकेजं तासावरचा आणि नगावरचा पगार काढतात. एखादा परीक्षक तिथल्या तिथे दाखवून देईल आणि तुमचा पाया जाईल. अडचण बेरजेची नाहीच. कशाला 'तास' म्हणायचं, कुठल्या तारखेचा नियम लावायचा आणि हे कुणी ठरवायचं, ही अडचण आहे. संशोधनाचे प्रश्न तिथे आहेत.

पहिला प्रश्न : तास म्हणजे किती?

अनेक कॉलेजांत एक तासिका ४८ मिनिटांची असते. घड्याळी तास ६० मिनिटांचा. म्हणजे पाच तासिका घेतल्या की २४० मिनिटं, बरोबर चार घड्याळी तास.

समजा दर आहे ८०० रुपये. हा आकडा मी हिशेबापुरता धरला आहे. महिन्यात तुम्ही ४० तासिका घेतल्या. दर 'प्रति तासिका' धरला तर ३२,००० रुपये. 'प्रति घड्याळी तास' धरला तर ४० तासिका म्हणजे ३२ तास, आणि पगार २५,६०० रुपये. फरक ६,४०० रुपयांचा. वर्षात नऊ महिने काम मिळालं असं धरलं तर ५७,६०० रुपये. काम तेच, फळा तोच, विद्यार्थी तेच.

आता सॉफ्टवेअरमध्ये हा फरक किती ओळींचा असतो? एका ओळीचा. ६० ने भागायचं की नाही, एवढाच. ती ओळ लिहिणाऱ्याने कुणाला विचारलं का? बहुधा नाही. त्याला क्लार्कने जुनी एक्सेल फाईल दिली, त्याने तिच्यातलं सूत्र उचललं. एक्सेलमधलं सूत्र कुणी ठरवलं? आधीच्या क्लार्कने. म्हणजे ज्या निर्णयावर एखाद्याच्या घराचं भाडं अवलंबून आहे, तो निर्णय कुठल्याच बैठकीत झालेला नाही.

इथून खरा संशोधन प्रश्न निघतो : वेतनाच्या नियमांतली संदिग्धता सॉफ्टवेअर तयार होताना कोणत्या टप्प्यावर आणि कुणाच्या हातून मिटवली जाते, आणि त्याचा पगारावर किती परिणाम होतो?

हा प्रश्न मोजता येतो. नेमणूक पत्र, शासन निर्णय, कॉलेजचं परिपत्रक असे मूळ कागद घ्या. दोन व्यक्तींना स्वतंत्रपणे त्यातल्या संदिग्ध जागा खुणावायला सांगा. दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने तपासा. मग तेच कागद काही प्रोग्रॅमरना वेगवेगळे बसवून द्या, आणि एकाच हजेरीवरून प्रत्येकाचा कोड किती पगार काढतो ते पाहा.

असा प्रयोग दुसऱ्या विषयात झालेला आहे. अमेरिकेत लिसा शे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ५२ प्रोग्रॅमरना वेगमर्यादेचा कायदा कोडमध्ये उतरवायला दिला. गाडीच्या वेगाची माहिती सगळ्यांना तीच होती. कायद्याचं अक्षर पाळा असं सांगितलेल्या गटाच्या कोडने दंडाच्या प्रचंड पावत्या फाडल्या. कायद्याचा हेतू पाळा असं सांगितलेल्या गटाच्या कोडने त्यामानाने फारच थोड्या. हाच प्रयोग तासिकेच्या पगारावर करून बघण्यासारखा आहे. तुमचं 'रिसर्च गॅप' असं दिसतं : पद्धत माहीत आहे, क्षेत्र नवं आहे, आणि उत्तराची कुणाला तरी गरज आहे.

दुसरा प्रश्न : कुठल्या तारखेचा नियम?

पगाराचे नियम बदलत राहतात. राज्य कामगार विम्याची वर्गणी १ जुलै २०१९ पासून कामगाराची १.७५ टक्क्यांवरून ०.७५ टक्के झाली आणि मालकाची ४.७५ वरून ३.२५ टक्के. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 'वेतन' कशाला म्हणायचं याची व्याख्याच बदलली.

त्यात आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे : 'मागील तारखेपासून लागू'. समजा ऑक्टोबरमध्ये आदेश आला की जुलैपासून दर ८०० ऐवजी ९०० रुपये. आता ऑगस्टच्या पगाराबद्दल दोन खरी वाक्यं आहेत. 'ऑगस्टचा दर ९०० आहे' हे आज खरं. 'ऑगस्टचा पगार काढला तेव्हा दर ८०० होता' हेही खरं. सॉफ्टवेअरने दरपत्रकात ८०० पुसून ९०० लिहिलं, की दुसरं वाक्य नाहीसं झालं. मग थकबाकी किती निघते, ती दिली का, किती जणांना दिली, याचा माग लागत नाही. मधल्या काळात काम सोडून गेलेल्या सीएचबी शिक्षकाची थकबाकी तर कुणाच्या लक्षातही राहत नाही.

यावर उपाय माहीत आहे. प्रत्येक नोंदीला दोन काळ द्यायचे : गोष्ट प्रत्यक्षात कधीपासून खरी, आणि ती यंत्रणेला कधी कळली. डेटाबेसच्या क्षेत्रात रिचर्ड स्नॉडग्रास यांनी यावर मूलभूत काम केलं आणि एसक्यूएलच्या २०११ च्या मानकात काळाशी संबंधित सोयी आल्या. म्हणजे 'मी द्विकालिक डेटाबेस वापरला' हे तुमचं योगदान होऊ शकत नाही. पण 'छोट्या संस्थेत, जिथे पगाराचं काम एकच क्लार्क बघतो, तिथे अशा रचनेमुळे थकबाकीच्या चुका कमी होतात का, आणि क्लार्कवरचा कामाचा बोजा किती वाढतो' हा प्रश्न होऊ शकतो. तंत्र जुनं, मूल्यमापन नवं. पीएचडीत हे चालतं, फक्त ते उघडपणे लिहायचं.

तिसरा प्रश्न : दिवस म्हणजे काय?

हा प्रश्न ऐकायला भाबडा वाटतो. मासळी प्रक्रिया कारखान्याचं उदाहरण घ्या. होड्या बंदरात लागण्याच्या वेळा ऑफिसच्या वेळेप्रमाणे नसतात. समजा एक बाई सोमवारी रात्री दहाला कामावर आली आणि मंगळवारी पहाटे चारला सुटली. हा एक दिवस की दोन? किलोवर मजुरी असेल तर पैशांसाठी फरक पडत नाही. मग कुणी कशाला डोकं लावेल?

फरक दुसरीकडे पडतो. राज्य कामगार विमा लागू असलेल्या ठिकाणी आजारपणाचा लाभ मिळायचा तर सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागू झालेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर हा एक काळ, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ज्या कारखान्यात या दोन महिन्यांत तिला काम मिळालंच नाही, तिथे पहिल्या काळातले उरतात एप्रिल, मे, ऑगस्ट आणि सप्टेंबर, मिळून १२२ दिवस. आठवड्याच्या सुट्ट्या काढल्या तर साधारण १०५. त्यातले ७८ भरायचे आहेत. ज्या दिवशी माल आला नाही त्या दिवशी कामही नाही. अशा वेळी एकेक दिवस मोलाचा असतो.

आता असं सॉफ्टवेअर डोळ्यांपुढे आणा, जे फक्त 'या महिन्यात किती किलो' एवढंच साठवतं. मजुरी बिनचूक निघेल. पण दिवसांची संख्या त्याच्यात नाहीच, म्हणून महिनाअखेरीला क्लार्क अंदाजाने आकडा भरणार. सहा महिन्यांनी ती बाई आजारी पडली आणि ७७ दिवस निघाले, तर चूक कुणाची? कोडमध्ये बग नव्हता. पहिल्या दिवशी टेबल तयार करताना एक रकाना ठेवला नव्हता, एवढंच.

कुठली माहिती साठवायची हे ठरवतानाच कुणाचा कुठला हक्क पुढे सिद्ध करता येईल हे ठरून जातं. अर्धवेळ पगारावर संशोधन करण्यामागचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हे आहे. पूर्णवेळ माणसाचे हक्क ठरलेल्या महिन्याच्या आकड्यामागे उभे असतात. अर्धवेळ माणसाचे हक्क फक्त नोंदीत असतात.

चौथा प्रश्न : दोन मालक, एक माणूस

सीएचबीवर काम करणारे अनेकजण दोन ठिकाणी शिकवतात. महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याला महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही; ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५ रुपये; त्यापुढे २००, आणि फेब्रुवारीत ३००.

एकाला दोन कॉलेजांत ८,००० आणि ८,००० मिळतात. दोन्हीकडची सॉफ्टवेअरं आपापल्या परीने बरोबर आहेत. दोघीही १७५ कापतात. एकूण ३५०. एकाच ठिकाणी १६,००० मिळाले असते तर २०० गेले असते. दुसऱ्याला ७,००० आणि ७,००० मिळतात. त्याचं कुठेच काही कापलं जात नाही. एकाहून जास्त मालक असलेल्यासाठी कायद्यात तरतूद आहे : त्याने मालकांना तसं प्रमाणपत्र द्यायचं आणि स्वतः नाव नोंदवून कर भरायचा. पण त्याची आठवण त्याला कोण करून देणार? दोन्ही यंत्रणांना एकमेकींचा पत्ताच नाही.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बहुतेक रचनांमध्ये 'कर्मचारी' हा 'संस्थे'च्या आत बसवलेला असतो. अर्धवेळ माणसाचं आयुष्य उलटं आहे : माणूस एक, संस्था अनेक. ही रचना उलटी केली तर काय काय बदलतं, आणि त्यात त्या माणसाची खासगी माहिती दुसऱ्या मालकाकडे कशी जाऊ द्यायची नाही, हा एका स्वतंत्र शोधनिबंधाचा विषय आहे.

संशोधन नसलेल्या, पण कराव्याच लागणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी अवघड असतात, महत्त्वाच्या असतात, तरी त्या संशोधन नसतात. त्या प्रबंधात दोन पानांत आटपायच्या.

पैसे दशांश अपूर्णांकात साठवू नका. संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांकी पद्धतीत ०.१ दहा वेळा मिळवलं तर नेमका १ येत नाही. पैशांतच पूर्णांक ठेवा.

पूर्णांकन नियमाप्रमाणे करा. ९,४३० रुपये मजुरीवर ०.७५ टक्के म्हणजे ७० रुपये ७२.५ पैसे. कामगार विम्यात ते वरच्या रुपयाला जातात, म्हणजे ७१. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,१३१ रुपये ६० पैसे. तिथे जवळचा रुपया, म्हणजे १,१३२. दोन कपाती, दोन पद्धती. एकच फंक्शन दोन्हीकडे वापरलंत तर कधीतरी पकडले जाल.

चाचण्या करा. इथे एक युक्ती सांगतो. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० मध्ये क्विकचेक नावाचं साधन मांडलं. त्याची कल्पना अशी की ठरावीक उदाहरणं तपासण्याऐवजी एक नियम सांगायचा आणि संगणकाने हजारो उदाहरणं बनवून तो मोडायचा प्रयत्न करायचा. समजा तुम्ही नियम लिहिला : 'जास्त काम केलं तर हातात येणारी रक्कम कमी होऊ नये.' दिसायला निर्विवाद. संगणक हा नियम मोडून दाखवेल. पुरुष कर्मचाऱ्याचे १०,००० रुपये झाले तर १७५ कापून हातात ९,८२५. एक रुपया जास्त मिळून १०,००१ झाले तर २०० कापून हातात ९,८०१. म्हणजे एक रुपया जास्त कमावला आणि हातात २४ रुपये कमी आले. हा बग तुमच्या कोडमध्ये नाही. कराच्या पायरीत आहे. अशा सगळ्या पायऱ्या शोधून, अर्धवेळ कमाई नेमकी त्यांच्या आसपास किती वेळा येते हे मोजलंत, तर ते मात्र संशोधन. बघा, रेष किती बारीक आहे.

आधी कुणी काय केलं?

संदर्भ साहित्य शोधताना फक्त 'पेरोल' हा शब्द टाकू नका. तुम्हाला प्रोजेक्ट रिपोर्ट मिळतील. तीन दिशांनी जा.

पहिली, इतिहास. ब्रिटनमध्ये चहा आणि बेकरीच्या व्यवसायातल्या लायन्स कंपनीने 'लिओ' नावाचा स्वतःचा संगणक बांधला आणि १९५४ पासून त्यावर कर्मचाऱ्यांचे पगार नियमितपणे काढायला सुरुवात केली. व्यावसायिक संगणनाच्या अगदी सुरुवातीच्या कामांत पगार आहे.

दुसरी, अपयश. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्याने २०१० मध्ये नवी पगार यंत्रणा चालू केली. हजारो कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा शून्य पगार मिळाला. निस्तरण्याचा एकूण खर्च एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला आणि २०१३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. फ्रान्सच्या सैन्याची 'लुवॉ' ही पगार यंत्रणा २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये ती बंद करायचा निर्णय झाला. चौकशीचे असे अहवाल वाचा. कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवतात.

तिसरी, कायदा आणि कोड. सर्गो, कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व कायदा तर्काधारित प्रोग्रॅम म्हणून लिहून दाखवला. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी 'काताला' ही भाषा मांडली. तिच्यात कायद्याचं कलम आणि त्याचा कोड शेजारी शेजारी लिहितात, म्हणजे वकील आणि प्रोग्रॅमर एकत्र बसून तपासू शकतात. शासन निर्णय मराठीत असतात. मराठी मजकूर आणि कोड असे शेजारी ठेवले, तर आपला पगार क्लार्कला आणि खुद्द कर्मचाऱ्याला तपासता येईल का? हा प्रश्न तुम्हाला आयताच मिळाला आहे.

पद्धत कुठली लिहायची?

काहीतरी बनवून त्यातून शिकण्याच्या संशोधनाला माहिती प्रणालीच्या क्षेत्रात 'डिझाइन सायन्स' म्हणतात. हेवनर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा आणि पेफर्स आणि सहकाऱ्यांचा २००७ चा, असे दोन लेख आधी वाचा. दुसऱ्यात सहा पायऱ्या आहेत : समस्या, उद्दिष्टं, रचना, वापरून दाखवणं, मूल्यमापन, मांडणी. आपल्याकडचे बहुतेक सिनॉप्सिस तिसऱ्या पायरीवर संपतात आणि मूल्यमापनात लिहितात, 'पन्नास वापरकर्त्यांकडून प्रश्नावली भरून घेतली जाईल'. वापरकर्ते 'समाधानी' निघतात. मालकाच्या ऑफिसात बसून फॉर्म भरणारा दुसरं काय लिहिणार?

त्याऐवजी समांतर चाचणी घ्या. दोन-तीन महिने जुनं मस्टर आणि तुमचं सॉफ्टवेअर दोन्ही चालवा. जिथे दोन्हीचे आकडे जुळत नाहीत ती प्रत्येक नोंद बाजूला काढा आणि कारण लिहा : हजेरीची चूक, नियमाचा वेगळा अर्थ, पूर्णांकन, तारखेचा गोंधळ, कोडमधला बग. आणि मस्टरच चुकलं असणार असं धरून चालू नका. कित्येक वर्षं काम केलेल्या क्लार्कच्या डोक्यात असे नियम असतात, जे कुठल्याच कागदावर नाहीत. न जुळणाऱ्या नोंदींची ही यादी हाच तुमचा खरा डेटा.

सुरू करण्याआधी ठरवायची गोष्ट

पगाराचा डेटा म्हणजे माणसाची सगळ्यात नाजूक माहिती. नाव, खातं, कर्जाचे हप्ते, गैरहजेरी, सगळं त्यात असतं. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचा आणि विद्यापीठाच्या नीतिमूल्य समितीकडे अर्ज करा. मालकाची परवानगी म्हणजे कामगाराची संमती नव्हे, आणि मुकादम शेजारी उभा असताना घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. कामाच्या जागेपासून लांब, वेळ देऊन, मराठीत समजावून विचारा. नाही म्हणण्याचा खरा मार्ग ठेवा.

आणि एक प्रश्न पहिल्या दिवशीच गाईडबरोबर बसून सोडवा : तपासताना लक्षात आलं की लोकांना कमी पैसे दिले जात आहेत, तर तुम्ही काय करणार? तुम्ही मालकाच्या परवानगीने आत आलेले आहात आणि तुमचा डेटा कामगारांच्या पगारातून आलेला आहे. कुणाला सांगायचं, कधी, कुठल्या स्वरूपात, हे आधी लिहून ठेवा आणि परवानगी मागतानाच मालकालाही कळू द्या. त्यामुळे एखाद्या ठिकाणी तुम्हाला दार उघडणार नाही. चालेल. अर्ध्या वाटेवर, प्रबंध आणि माणसं यातलं एक निवडायची वेळ येण्यापेक्षा ते परवडलं.

या आठवड्याचा अभ्यास

एकही ओळ कोड लिहू नका. तुमचं स्वतःचं किंवा ओळखीच्या कुणाचं, त्यांना विचारून, सीएचबीचं नेमणूक पत्र घ्या. दहा वेगवेगळे महिने कल्पना करून कागदावर लिहा : परीक्षेचा महिना, गणपतीच्या सुट्टीचा, पावसामुळे कॉलेज बंद राहिलेला, अर्धी तासिका झालेला, मध्येच दर बदललेला. प्रत्येक महिन्याचा पगार हाताने काढा. तेच पत्र आणि तेच दहा महिने एका मित्राला द्या, त्यालाही काढू दे.

दोघांची उत्तरं शेजारी ठेवा. जिथे ती जुळत नाहीत, तिथे खूण करा. कागदात नेमका कुठला शब्द दोघांनी वेगळा वाचला ते शोधा. मग नव्या पानावर लिहा : हा शब्द आज कोण ठरवतं, आणि तो कुणी ठरवायला हवा?

तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान तेच.

ता. क. : इथले दर आणि टक्केवारी समजावण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष काम करताना त्या त्या तारखेचा नियम तपासून घ्या. आणि तो केव्हा तपासला, ती तारीखही शेजारी लिहून ठेवा.